सावलीत ठेवलेली माय

भाऊ,

परवा तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. टेबलावर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या आणि मधोमध तुझा फोटो. आधार कार्डावरचा, मोठा करून आणलेला. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ घट्ट, कोणीतरी दम देऊन उभं केल्यासारखा तू. बहीण फोटोग्राफर, आणि भावाचा एक धड फोटो घरात निघू नये? लोक हात जोडत होते आणि जाता जाता माझ्याकडे पाहत होते. तू कधी काढूच दिला नाहीस, हे किती जणांना सांगत बसू? सौसरच्या स्टुडिओत एकदा तुला ओढून स्टुलावर बसवलं होतं. मी लाइट लावेपर्यंत तू उठलास. ‘मले नको चपटा करू, सुने,’ म्हणालास आणि गेलास बस धरायला.

फोटो म्हणजे चपटं करणं. माझ्या धंद्याबद्दल तुझं मत एवढंच होतं, आणि ते तू कधी लपवलं नाहीस. सासऱ्यांनी बाजारात सुरू केलेला हा स्टुडिओ. मिस्टर शाळेत लागले आणि कॅमेरा माझ्या गळ्यात आला. पासपोर्ट फोटो, लग्नं, शाळांची स्नेहसंमेलनं, आणि आजकाल लग्नाच्या आधी संत्र्याच्या बागेत हात धरून फिरणारी जोडपी. तू यायचास, गिऱ्हाईक समोर असताना भिंतीवरच्या नवऱ्या-नवरींकडे पाहायचास आणि मोठ्यानं म्हणायचास, ‘सगळ्याईचे चेहरे एकसारखेच काऊन दिसून राहिले? माणसं हायेत का पेढे?’

मीही गप्प बसणारी नव्हते. तू पांढुर्ण्याला जाम नदीच्या काठी टिनाच्या शेडमध्ये गावोगावच्या विहारांसाठी सिमेंटच्या बुद्धमूर्ती करायचास. मी म्हटलं, ‘तुह्ये बुद्ध तरी कुठं वेगळे हायेत? साचा तं एकच हाय.’ तू चार महिने सौसरला फिरकला नाहीस. समोरच्याला नेमकं कुठे दुखतं ते शोधायचं आणि तिथेच बोट दाबायचं, हे आपण दोघंही बापाकडून शिकलो. तो गेला, पण ही विद्या आपल्याजवळ ठेवून गेला.

शेडच्या मागच्या भिंतीला लागून तुझी स्वतःची कामं उभी होती. ती कोणी सांगितलेली नव्हती. कमरेला कापसाची ओटी बांधून वाकलेली बाई. शिडीवर चढलेला संत्रेतोड्या, ज्याचं तोंड पानांत गेलेलं, फक्त पोटऱ्या दिसतात. रामाकोन्याच्या स्टेशनवर उकिडवा बसून गाडीची वाट पाहणारा म्हातारा. मी ती पाहायची आणि काही बोलायची नाही. चांगली आहेत म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, ‘तुले काय समजते.’ म्हणून मी नाहीच म्हटलं कधी. आज म्हणते. तो म्हातारा मी जन्मात विसरणार नाही.

मग मायला गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, डावी बाजू पूर्ण काढली. जखमेची पट्टी बदलायला मी असायची. पहिल्या दिवशी तू दारात थांबलास. मला वाटलं, मुलगा आहे, संकोचला असेल. पण वळून पाहिलं तर तुझे डोळे बारीक झालेले. मूर्तीचं माप घेताना होतात तसे. माय कण्हत होती आणि तू पाहत होतास.

‘भाऊ, बाहेर हो,’ मी म्हटलं.

तू हललाही नाहीस. आणि माय दात आवळूनच म्हणाली, ‘पाहू दे ना त्याले.’

त्या दिवशी मला तुझा राग आला. तिचा त्याहून जास्त आला.

माय त्यानंतर अडीच वर्षं जगली. तुझ्याच घरी होती, रंजना वहिनीनं सगळं केलं, मी आठवड्याला येऊन जाऊन. ती गेली, चार महिने झाले, आणि मोहगावची मावशी पांढुर्ण्याला आली. तिला तुझी शेड पाहायची नव्हती, तिला फक्त सावलीत बसायचं होतं. मीही बरोबर होते. मागच्या भिंतीजवळ चादरीखाली काहीतरी उभं होतं. मावशीनं सहज चादर ओढली.

कमरेपासून वरची माय. खरी माय होती तेवढीच मोठी. सिमेंटची, पण तू त्यात कसली तरी लाल माती मिसळली होतीस, त्यामुळे कातडी वाटत होती. उजव्या हातानं पदर बाजूला धरलेला. उजवा स्तन लोंबलेला, सुरकुतलेला, आपण दोघं ज्यावर वाढलो तो. डाव्या बाजूला काहीच नाही. सपाट, थोडं आत गेलेलं, आणि काखेपासून मधोमध येणारी टाक्यांची वाकडी रेघ. मान ताठ. नजर सरळ समोर.

मावशीनं तोंडाला पदर लावला. ‘हे काय करून ठेवलं रे शालिक? मायले उघडी केली तू?’

‘मायनंच सांगतलं, मावशी,’ तू म्हणालास. ‘बनव म्हणे. ती स्वतः बसली माह्यासमोर.’

‘मेली ना आता ती. कोण येऊन सांगन? कोणती माय पोराले असं सांगते?’ मग ती माझ्याकडे वळली. ‘सुनंदा, तू पोरगी हायस तिची. असं काही असतं तं तुले सांगतलं असतं तिनं. बोल. म्हटलं होतं का काही?’

तूही माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या नजरेत विनवणी नव्हती. फक्त वाट पाहत होतास.

मी म्हटलं, ‘मले काही मालूम नाही.’

मावशी मोहगावला गेली आणि आठ दिवसांत ही गोष्ट सगळीकडे गेली. मोहगावच्या विहाराची सहा फुटांची मूर्ती तू निम्मी केली होतीस. कमिटीची चार माणसं येऊन सांगून गेली की आम्हाला ती नको. कारण त्यांनी तोंडावर सांगितलं, हे तू मला नंतर सांगितलंस, हसत. ‘म्हणे, ज्यानं मायची इज्जत ठेवली नाही, त्याच्या हातचा बुद्ध कुठं बसवाव?’ मग सावरगावचं काम गेलं. मग कोणी विचारेनासंच झालं. तू कुंड्या करायला लागलास. कुंपणाचे खांब, खिडकीच्या सिमेंटच्या जाळ्या. मी एकदा आले तेव्हा अंगणात पन्नास-साठ कुंड्या उन्हात ओळीनं वाळत होत्या, आणि तू त्यांच्या मधोमध बसून बिडी ओढत होतास. ‘पाहाय,’ म्हणालास, ‘सगळ्याईचे चेहरे एकसारखे.’

वर्षभर आपण नीट बोललो नाही. मी मनाशी म्हणत होते की चूक तुझीच आहे. वहिनीनं मला सांगितलं होतं की डिसेंबरच्या थंडीत तू मायला सकाळी दोन-दोन तास अंगावर शाल न देता बसवायचास, कारण त्या वेळी शेडच्या दारातून उजेड बरोबर यायचा. त्यानंतर तिला खोकला लागला तो गेलाच नाही. मी हे मिस्टरांना सांगितलं, मावशीला सांगितलं, आणखीही दोघी-तिघींना सांगितलं. सांगताना मला बरं वाटायचं, भाऊ. हेही लिहून ठेवते.

आणि एक दिवस तू बसनं सौसरला आलास. स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. तू मोबाइल पुढे केलास. मुंबईची कोणती तरी गॅलरी, छोट्या गावांतल्या शिल्पकारांचं काम मागवत होती. आधी फोटो पाठवायचे. आठ कामं, प्रत्येकाचे तीन बाजूंनी, एक जवळून. उंची, माध्यम, नाव. फोटो पसंत पडले तर ते माणूस पाठवणार होते.

‘काढशीन का?’ तू विचारलंस. एवढंच. तुझ्या तोंडून मी आजवर ऐकलेली तेवढीच विनंती.

ते तीन दिवस मी कुठे ठेवू, मला कळत नाही. माझ्या कामाच्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते, आणि त्यांचं मी काय केलं ते पुढे येतंच आहे. पहिल्या दिवशी मी दोन मोठे लाइट, छत्र्या, पांढरा पडदा, सगळं घेऊन आले. कापूस वेचणारी उभी केली, लाइट लावले, पहिला फोटो काढला. तू माझ्या मागून कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलंस.

‘हे नवरी नाही, सुने. इले गोरी नको करू.’

तू लाइटांचे प्लग काढून टाकलेस. पडदा गुंडाळलास आणि मायचं जुनं राखाडी ब्लँकेट मागे टांगलंस. दार बंद. फक्त पश्चिमेची एक खिडकी. ट्रकच्या बेअरिंगवर तू एक गोल फळी बसवली होतीस, तिच्यावर मूर्ती ठेवलीस आणि बोटभर बोटभर फिरवत गेलास. ‘उजेड नको हलवू. तो जिथं हाय तिथंच राहीन. इले हलव.’ मूर्ती फिरायची आणि त्या बाईच्या पाठीचा एकेक मणका उजेडात यायचा, मग बुडायचा. एका ठिकाणी तू हात थांबवलास. ‘आता काढ.’ मी काढला. पंधरा वर्षं कॅमेरा हातात घेऊन मला जे कळलं नव्हतं ते त्या एका फोटोत कळलं. उजेडानं वस्तू दिसते, पण तिचा आकार सावलीनं दिसतो. आज मी म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढते तेव्हा लाइट विझवते आणि खिडकी उघडते. सौसरमध्ये लोक विचारतात, हे कुठून शिकली. मी सांगते, भावाकडून. हे तुला मात्र कधी सांगितलं नाही.

भांडणंही झालीच. ‘फोटोत मूर्तीच्या मागं जाता येत नाही,’ तू पुन्हा पुन्हा म्हणायचास. ‘मुंबईत बसून तिच्या मागं कसं जातीन ते?’ मी म्हणायची, ‘म्हणून तं तीन बाजूंनी काढून राहिलो ना.’ ‘तीनच बाजू असते का माणसाले?’ एकदा मी चिडून ट्रायपॉड आपटला, तर तू चहा करून आणलास. साखर जास्त टाकली होतीस. माफी मागायची तुझी रीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी सात कामं झाली आणि माय उरली. तू चादर काढलीस, मूर्ती फळीवर चढवलीस. मग दाराशी गेलास.

‘हिचा तू आपल्या मनानं काढ,’ म्हणालास. ‘मी काही बोलत नाही.’ आणि बाहेर जाऊन बसलास.

तू माझ्यावर एवढा भरवसा टाकलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. मी फळी फिरवून आधी बाजूंचे फोटो काढले, मग माय समोर आणली. उजेड एका कोनात आला की टाके उभे राहायचे. एकेक. मीच त्यांच्यावर औषध लावलं होतं, मला ते पाठ होते, आणि तू एकही चुकवला नव्हतास. मी फोटो काढला. चांगला निघाला. इतका चांगला की मी तो पडद्यावर मोठा करून एकेक टाका मोजला. मग मी फळी आणखी थोडी फिरवली. आता पदर धरलेल्या हाताची सावली डाव्या बाजूवर आली आणि तिथे नुसता अंधार राहिला. तोही फोटो काढला. तुला आत बोलावलं आणि पहिला दाखवला. तू बराच वेळ पाहिलास. नाक पुसलंस आणि खिडकी लावायला गेलास.

फॉर्म मी भरणार होते, कारण तो इंग्रजीत होता. सौसरला कॉम्प्युटरसमोर बसले. सात कामं तुझ्या सांगण्याप्रमाणे टाकली. आठवं आलं. मला मावशीचा चेहरा दिसला. मोहगाव दिसलं. मुंबईच्या भिंतीवर लटकलेली माय दिसली, आणि तिच्यासमोर हातात पेला धरून उभी असलेली माणसं. मी सावलीचा फोटो घेतला. तरी पुरलं नाही. तो खालून कापला, बाजूंचे फोटोही तसेच कापले. गळा आणि चेहरा राहिला. नावाच्या जागी तू लिहून दिलं होतंस, ‘माय, डावी बाजू’. मी लिहिलं, ‘माय’. आणि पाठवून दिलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. तू स्टुडिओत आलास आणि मी ते तुला मराठीत करून वाचून दाखवलं. हात चांगला आहे. चेहऱ्यांत माया आहे. पण कष्टकरी आईची अशी शिल्पं आमच्याकडे फार येतात, आणि कलाकारानं स्वतःचं काही पणाला लावलेलं या कामात आम्हाला दिसलं नाही. पुढच्या वाटचालीस शुभेच्छा.

‘मायचा फोटो पाह्यला त्याईनं?’ तू विचारलंस.

‘पाह्यला.’

‘तरी?’

‘तरी.’

तू स्टुलावर बसून राहिलास. मी पासपोर्ट फोटो कापत होते, आठ-आठच्या ओळीत. कैची थांबवली नाही मी. दुसरी ओळ कापून झाली तेव्हा तू म्हणालास, ‘मंग मले येतच नसन काही. उगाच मायले थंडीत बसोवलं.’

तेव्हा बोलता आलं असतं. फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्येच होता. ‘थांब भाऊ, मी चुकीचा पाठवला, पुन्हा पाठवू,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं, ‘चहा घेतो का?’

त्यानंतर तू स्वतःचं म्हणून एकही काम केलं नाहीस. गॅलऱ्या आणखी होत्या, मी दोन-तीनदा विषयही काढला, आपलं मन साफ करायला. तू म्हणायचास, ‘जाऊ दे ना, त्याईनं पाह्यलं ना एकदा.’ मायवर चादर पडली ती तू पुन्हा काढली नाहीस. कुंड्या मात्र चांगल्या करायचास. पांढुर्ण्यात निम्म्या गच्च्यांवर आज तुझ्याच कुंड्या आहेत.

मग तुझी उजवी बाजू गेली. सकाळी उठलास आणि हात उचलला जाईना, आणि तोंडातून शब्द आला नाही. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तुझ्याजवळ एकच शब्द शिल्लक होता. ‘हो.’ डॉक्टर म्हणाले, असं होतं. माणसाला कळतं सगळं, पण तोंडात एकच शब्द अडकून बसतो. चहा पाहिजे? हो. नको? हो. पंखा लावू? हो. बंद करू? हो. वहिनी पहिले चार दिवस गोंधळली, मग तुझ्या डोळ्यांवरून ओळखायला शिकली. मी नाही शिकले. मी आठवड्याला यायची आणि तुझ्या ‘हो’ला ‘हो’ समजून जायची.

एका दुपारी वहिनी शाळेत खिचडी शिजवायच्या कामावर होती. आपण दोघंच होतो. मी तुला दलिया भरवत होते आणि भरवता भरवता सांगून टाकलं. सावलीचं सांगितलं. कापल्याचं सांगितलं. नावातून ‘डावी बाजू’ काढल्याचंही सांगितलं. पाच वर्षं जे जमलं नाही ते त्या दिवशी कसं जमलं, हे मला पक्कं माहीत आहे. तू उलट बोलू शकत नव्हतास. तू आपल्या नेहमीच्या तोंडानं काही बोलला असतास, तर मला ते झेपलं नसतं. म्हणून मी तुझं तोंड बंद होईपर्यंत थांबले.

तुझे डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

‘मले माफ करशीन का, भाऊ?’

‘हो,’ तू म्हणालास.

मी रडले. चमचा बाजूला ठेवला, तुझा डावा हात धरला, पोटभर रडले. आणि मग माझ्यातल्या त्याच हलकट बाईनं, जिला खात्री करून घेतल्याशिवाय चैन पडत नाही, तुला विचारलं, ‘म्हणजे माफ नाही करणार?’

‘हो,’ तू म्हणालास. तसाच. त्याच आवाजात.

मी तुझं तोंड पुसलं आणि उरलेला दलिया भरवला.

एक गोष्ट त्या दिवशीही सांगायची राहिली होती. तुझा तो ‘हो’ ऐकल्यावर मी ती सांगितलीच नाही. नंतर तीन आठवड्यांनी तू झोपेत गेलास. आता ऐक.

ऑपरेशनला सहा महिने झाले होते. माय पेन्शनच्या कागदासाठी फोटो काढायला सौसरला आली होती. फोटो झाला, पण ती स्टुलावरून उठेना. म्हणाली, ‘दार लाव.’ मी लावलं. तिनं पोलक्याची बटणं सोडली.

‘माहा एक फोटो काढ. असा.’

‘येडी झाली का, माय? झाक ते.’

‘का झाकू? नर्सबाईनं पाह्यलं, डॉक्टरनं पाह्यलं, तू पाह्यलं. मी मेल्यावर कोणाले मालूम होईन का, मले इथं कापलं होतं म्हणून? जनमभर बागेत राबली, कापूस वेचला, दोन लेकरं पाजली. कोणीतरी पाह्यलं पाह्यजे ना.’

‘कोणाले दाखोवशीन? शरम नाही वाटत?’

मी हेच शब्द वापरले, भाऊ. शरम नाही वाटत. ती मान ताठ करून, सरळ समोर, कॅमेऱ्याकडे पाहत बसली होती. मी तिची बटणं लावली. मीच लावली, लहान पोरीची लावावी तशी, आणि एक बटण ओढताना तुटलं. ती जाता जाता म्हणाली, ‘शालिकले सांगतो मंग.’

तू मायला बसवलं नव्हतंस. ती तुझ्याकडे मी हाकलली म्हणून आली होती. आणि तुझ्या मूर्तीत ती जशी बसली आहे, मान ताठ आणि नजर समोर, तशी माणसं मूर्तीसाठी बसत नाहीत. फोटोसाठी बसतात. तुला ते कळलं नसेल. मला चादर ओढली त्याच क्षणी कळलं होतं, आणि मी म्हटलं, मले काही मालूम नाही.

परवा भन्तेजींचं पठण झालं, लोक जेवायला बसले. मावशी माझ्या शेजारी होती. तिनं टेबलावरच्या तुझ्या त्या फोटोकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, ‘पोरगा हुशार होता, पण मायले उघडी केली. त्याचंच भोगलं.’

मी ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘मायनं पहिले मले म्हटलं होतं. फोटो काढ म्हणे. मी नाही म्हटलं, म्हणून ती भाऊकडं गेली. भाऊ खरं बोलत होता.’

मग मावशी म्हणाली, ‘मंग तवा काऊन नाही बोलली?’ तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं. रंजना वहिनी भाताचं घमेलं घेऊन ओळीच्या टोकाला उभी होती. तिनं ते खाली ठेवलं नाही. पुढच्या माणसाला भात वाढला, मग त्याच्या पुढच्याला, आणि मला न वाढता पुढे गेली.

लोक गेल्यावर मी वहिनीला मुंबईला पाठवलेल्या कापलेल्या फोटोचंही सांगितलं आणि शेडमध्ये आले. कॅमेरा बरोबर आणला होता. मला वाटलं होतं, आता तरी तो फोटो नीट काढावा, टाके दिसतील असा, आणि जगातल्या सगळ्या गॅलऱ्यांना पाठवावा, तुझ्या दिलेल्या नावासकट. मी ब्लँकेट टांगलं. खिडकी उघडली. चादरीला हात घालणार, तेवढ्यात वहिनी आली आणि चादरीचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

‘ताई, तुमी नका काढू.’

‘वहिनी, आता नाही तं कवा? भाऊचं नाव होईन.’

‘होईन. नागपूरचा कोणी आणतो मी. ज्याले ही कोण हाय हे मालूम नाही, असा. तो सगळं काढीन. तुमी दोनदा पाह्यलं आणि दोनदा झाकलं.’

‘ऑपरेशननंतर तिची पट्टी मी...’

‘मालूम हाय मले. तुमी केलं ते कोणी नाही म्हणत नाही.’ ती रडत नव्हती. चादर मात्र तिनं दोन्ही हातांनी धरली होती. ‘पाच वर्षं तो माणूस कुंड्या बनवत होता. मी रोज त्याले पाहात होतो. तुमी आठवड्याले येत होत्या आणि माह्या हातचा चहा पीत होत्या.’

मी कॅमेरा बॅगेत ठेवला. ट्रायपॉड मिटवला. तिनं खिडकी लावली आणि दारात बाजूला सरून मला वाट दिली.

‘सौसरची बस साडेपाचची हाय,’ ती म्हणाली. ‘निघा आता.’